लुआउची पंगत कोणाची?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)



हवाई बेटांवर सुटी घालवावयास जाणाऱ्या प्रवाशापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : कोणत्या लुआउला जावयाचे? लुआउ म्हणजे हवाईयन मेजवानी. समुद्राकाठची संध्याकाळ, हुला नृत्य, भुईत भाजलेले डुक्कर आणि माणशी बहुधा शंभर डॉलरांहून अधिक तिकीट. प्रत्येक जाहिरात आपली मेजवानी 'पारंपरिक' असल्याचे सांगते. तेव्हा ही परंपरा काय आहे, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

'लुआउ' हे मुळात अळूच्या पानांचे नाव. एकोणिसाव्या शतकात ते मेजवानीला मिळाले. अळूचे कांदे उकडून, कुटून केलेली 'पोई' हे तेथील मुख्य अन्न. हवाईयन पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानला आहे. १८१९ पूर्वी स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवणे तेथे निषिद्ध होते. डुकराचे मांस व नारळ स्त्रियांना वर्ज्य होते. त्या वर्षी राजा दुसरा कामेहामेहा याने स्त्रियांच्या पंक्तीस बसून जाहीरपणे भोजन केले आणि तो निर्बंध मोडला. आजची लुआउ ही त्या सहभोजनाची वारस आहे. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आजही घरोघरी लुआउ होते. आप्त आणि शेजारी तिच्यासाठी राबतात. तिकीट कोणी मागत नाही.

ही पंगत बाजारात आली, त्यामागे आर्थिक इतिहास आहे. ऊसमळ्यांच्या मालकांनी ओढ्यांचे पाणी कालव्यांनी वळविले आणि अळूची खाचरे कोरडी पडली. १८९३ साली राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, १८९८ साली अमेरिकेने बेटे खालसा केली. पुढे साखरेची जागा पर्यटनाने घेतली. माउईवरील अखेरचा साखर कारखाना २०१६ साली बंद पडला. सुमारे १४ लाख वस्तीच्या या राज्यात २०१९ साली एक कोटीहून अधिक पाहुणे आले.

मग निवडीचा निकष कोणता? शुद्धतेचा हट्ट व्यर्थ आहे. लुआउत मिरविली जाणारी जळत्या सुऱ्यांची कसरत सामोआची. खारवलेला सॅमन मासा जहाजांनी आणलेला. १८३० साली जाहीर हुलावर बंदी आली होती. राजा कालाकाउआ याने १८८३ च्या राज्याभिषेकात ते नृत्य पुन्हा सन्मानाने पुढे आणले. परंपरा अशीच मोडत, जुळत आलेली असते. खरा निकष श्रमाचा व मालकीचा आहे. डुक्कर खरोखरच 'इमू' या तापल्या दगडांच्या खड्ड्यात शिजते काय? अळू कोणत्या खोऱ्यातून येते? नाचणाऱ्याला व भांडी घासणाऱ्याला काय मिळते? २०१८ साली हवाईतील हॉटेल कामगारांनी ५१ दिवस संप केला, तो एकाच नोकरीत संसार चालावा म्हणून. त्या मेजवानीची खरी किंमत तिकिटावर छापलेली नव्हती.

या निकषावर मेजवान्यांतील फरक दिसू लागतो. ओआहूवरील लाइए येथे १९६३ पासून पॉलिनेशियन सांस्कृतिक केंद्र आहे. ते मॉर्मन चर्चचे. शेजारच्या विद्यापीठातील विद्यार्थी तेथे काम करून शिक्षणाचा खर्च भागवितात. मात्र तेथे अनेक बेटांच्या कला एकत्र दिसतात. माउईवरील ओल्ड लाहाइना लुआउ ही १९८६ पासून चालत आलेली मेजवानी हवाईयन हुलापुरतीच मर्यादा पाळते. ऑगस्ट २०२३ च्या भीषण आगीनंतर ती २०२४ साली पुन्हा सुरू झाली. शाळा वा चर्च यांनी निधीसाठी घातलेली साधी लुआउ मिळाली, तर पैसा गावातच राहतो.

हवाईयन विचारवंत हाउनानी-के ट्रास्क यांनी, पाहुण्यांनी येऊच नये, अशी भूमिका घेतली होती. तिच्यातील संताप न्याय्य आहे. परंतु एकेकट्या प्रवाशाच्या बहिष्काराची झळ आधी वाढप्याला लागते, जमीनमालकाला मागाहून. उपाय मुळाशी हवा. १९७८ च्या घटनादुरुस्तीने राज्यावर जनतेच्या हितासाठी पाणी राखण्याचे बंधन घातले. २००० साली वाइआहोले खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे विश्वस्ततत्त्व उचलून धरले. ओढ्यांना पाणी परत मिळाले तरच अळू पिकेल, आणि अळू पिकले तरच लुआउ या शब्दाला अर्थ उरेल. पाहुण्याने तिकीट काढण्यापूर्वी निदान एवढे विचारावे : ताटातले अळू कोणाच्या खाचरातले?