सर्वांत वरचा दर्जा मिळाल्यावर

नेहमीच्या प्रवाशाचे मैल वहीत मांडून त्याला मान द्यायचा, ही योजना अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली काढली. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांची अशी वही असते. पण सर्वांत वरचा दर्जा मिळाल्यावर पुढचे मैल कोणाच्या वहीत घालावेत?

अमेरिकेत नोकरी करणारा आपला एखादा मराठी माणूस घ्या. युनायटेडने सारखे हिंडून त्याने 'प्रीमियर वन-के' दर्जा मिळवला. तरी शिकागोहून डेन्व्हरला जाताना युनायटेडच्याच विश्रामकक्षात केवळ या दर्जावर त्याला प्रवेश नाही! स्टार अलायन्स संघातल्या दुसऱ्या कंपनीचा 'गोल्ड' सभासद मात्र त्याच विमानाचे तिकीट दाखवून आत जातो. पाहुण्याला पाट अन् घरचा पडवीत! बरे, उलटही आहे. पुढच्या वर्गातली रिकामी खुर्ची फुकट मिळते ती घरच्यालाच.

मला विचाराल तर कक्षातल्या कॉफीपेक्षा खुर्ची बरी. म्हणून वर्षाचा दर्जा टिकण्यापुरती उड्डाणे युनायटेडच्या वहीत घालावीत, उरलेली संघातल्या दुसऱ्या कंपनीच्या. मात्र एका उड्डाणाचे मैल एकाच वहीत पडतात. तेव्हा हे तिकीट काढतानाच ठरवलेले बरे. विमानतळावर सभासद-क्रमांक बदलून घेण्याची धांदल मी एकदा केली आहे.