घोडी व्यायची रात्र
(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, माघ महिन्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही भाषण करणारी माणसं नव्हे. सप्ताहाच्या मंडळींनी सांगितलं, 'तुमच्याकडं घोड्या आहेत, तर रिंगणाच्या अश्वांवर बोला.' पण रिंगणावर आम्ही काय नवीन सांगणार? माउलींचे अश्व अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा रिकाम्या पाठीचा, माउलींचा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पुरंदवड्याला, खुडूसला, ठाकूरबुवाच्या समाधीपाशी घोडा सुटला की काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहता, टापांखालची माती कपाळाला लावता. तो घोडा कधीतरी, कुठल्यातरी तबेल्यात, एका रात्री जन्माला आलेला असतो. आम्हाला ठाऊक आहे ती ती रात्र. तिच्यावर बोलतो.

आमच्या घरी आजोबांपासून घोड्या आहेत. आधी धनगरी वाड्यांवरची भीमथडीची ठेंगणी, चिवट तट्टं होती. ती भीमथडी आता सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, हे ऐकायला आजोबा असते तर हसले असते. त्यांना ते आधीच माहीत होतं. पुढं सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी रक्ताच्या घोड्या आल्या. आज चार आहेत. चारांवर कुणी श्रीमंत होत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

घोडी अकरा महिन्यांनी विते. हिशेब 340 दिवसांचा, पण 320 ला व्यालेलीही धडधाकट शिंगरू देते आणि 360 ओलांडून गेलेलीही. तारीख धरून बसणाऱ्याचं काही खरं नसतं. कास भरते, शेपटीच्या बुडाशी मांस सैल पडतं, मग एक दिवस सडांच्या टोकाला मेणासारखा थेंब दिसतो. मेण दिसलं की बहुतेक एक-दोन दिवसांत विते. बहुतेक म्हणतो, कारण मेण न दाखवता व्यालेलीही आमच्याकडं आहे. आणि विते ती रात्रीच. चार-चार रात्री आम्ही पेंढ्यावर जागून काढाव्यात, आणि चहा प्यायला घरात यावं तर तेवढ्यात व्यालेली असावी! माणूस जवळ असला की ती कळा थोपवून धरते असं जुनी माणसं म्हणतात, आणि आम्हाला ते पटतं.

एकदा पाणी फुटलं की सगळा खेळ वीस-तीस मिनिटांचा. गाईसारखं तास-तास नाही. आधी एक पाय, थोडा मागं दुसरा पाय, त्यावर टेकलेलं नाक, असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. तासाभरात शिंगरानं उभं राहायचं, दोन तासांत सडाला लागायचं, तीन तासांत घोडीची वार पडायची. हे आमच्या तबेल्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं आहे. वार अडली तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टर. अडकलेल्या वारेनं घोडी खुरांत धरते, कधी जिवानंही जाते.

आता जे सांगायला कठीण आहे ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमची पांढरी घोडी गाभण होती. चांदणी तिचं नाव. घरात बोलून ठेवलं होतं की हिचं शिंगरू विकायचं नाही. मोठं झालं की आपल्या दिंडीबरोबर चालवायचं. आईनं तसा नवसच केला होता. व्यायला पाच-सहा दिवस राहिले असतील, तेव्हा चांदणीच्या सडांतून दूध ठिबकायला लागलं. पाय मागून ओले व्हायचे. आम्हाला काय आनंद! 'पान्हा बघा कसा फुटलाय,' म्हणून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. शेजारच्या आजीनं तर घोडीची दृष्ट काढली.

शिंगरू झालं ते देखणं. तासाच्या आत उभं राहिलं, आईच्या पोटाखाली शिरलं, चपाचपा प्यायलं. आम्ही गावात पेढे वाटले. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी ते निजून राहायला लागलं. पुढच्या गुडघ्याला सूज आली, अंग तापलं. डॉक्टर आले, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. पाचव्या दिवशी पहाटे ते गेलं.

डॉक्टरांनी जाताना एकच प्रश्न विचारला: 'व्यायच्या आधी दूध गळत होतं का?'

जे गळत होतं तो चीक होता, माउली. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढायची थोडीफार शिदोरी मिळते. शिंगराला ती पोटात मिळत नाही. त्याची सगळी शिदोरी चिकात. तीही पहिल्या सहा-आठ तासांत पोटात गेली तर नीट अंगी लागते. दिवस उलटला की आतड्यातून ती आत जायची वाटच बंद होते. आमचं शिंगरू पोटभर प्यायलं, पण ते नुसतं दूध होतं. चीक पाच दिवस आमच्या डोळ्यांदेखत जमिनीत मुरला होता आणि आम्ही तो लोकांना कौतुकानं दाखवत होतो.

आम्ही मेलेलं शिंगरू लगेच उचललं नाही. घोडीला ते हुंगू द्यावं लागतं, नाहीतर ती दिवसच्या दिवस शोधत राहते. चांदणी दुपारपर्यंत त्याच्यावर मान घालून उभी होती. मग आपणच बाजूला झाली आणि पाण्याला तोंड लावलं.

पुष्कळांनी समजूत घातली. 'देवाचं होतं, देवानं नेलं.' 'नवसात काही राहिलं असेल.' ही माणसं आपलीच, प्रेमानंच बोलली. पण आम्हाला ते घशाखाली उतरलं नाही. देवाच्या नावावर घातलं असतं तर आमची सुटका झाली असती आणि पुढचं शिंगरूही तसंच गेलं असतं. चूक आमची होती. आईनं त्या आषाढीला वारी चुकवली नाही, पण रिंगणाच्या वेळी ती तंबूतच बसून राहिली, एवढं सांगतो.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट आम्ही धरून ठेवली. भरपूर चीक असलेली घोडी व्याली की आधी तिच्या शिंगराला पोटभर पिऊ द्यायचं, मग पावशेरभर चीक काढून, गाळून, स्वच्छ बाटलीत भरून गोठवायचा. चांगल्या डीप फ्रीझरमध्ये तो वर्षभर टिकतो. आमच्या बाटल्या गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये असतात, कुल्फीच्या खाली. लागला तर कोमट पाण्यात ठेवून पातळ करायचा, चुलीवर नाही. तापवला की त्यातलं कामाचं ते मरतं. पहिली बाटली आपल्याच दिंडीतल्या एका टाळकऱ्यानं मोटारसायकलवरून रात्री नेली, पाण्याच्या थर्मासमध्ये बर्फ घालून. त्याची घोडी पहिलटकरीण, कास कोरडी. शिंगरू जगलं.

आणि पुढच्या खेपेला चांदणी पुन्हा आमची परीक्षा घ्यायला बसली. या वेळी दूध गळलं नाही. पण पाणी फुटायच्या ऐवजी बाहेर आली ती लाल पिशवी. नेहमी दिसते ती पांढुरकी, निळसर, चकचकीत. ही लाल, मखमलीसारखी. म्हणजे वार आधीच सुटली, आत शिंगराचा श्वास तुटला. अशा वेळी वाट पाहायची नाही, डॉक्टर येईपर्यंतही नाही. आम्ही कात्रीनं पिशवी फाडली, पाय हाताला लागले, आणि घोडीनं कळ दिली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं, असं दोघांनी मिळून बाहेर काढलं. लोळागोळा. नाकातला चिकटा पुसला, गोणपाटानं अंग चोळलं, चोळतच राहिलो. किती वेळ गेला कुणी मोजला नाही. मग त्यानं नाक फेंदारलं.

उभं राहायला त्याला तीन तास लागले. चीक आम्ही काढून बाटलीनं पाजला. भिंतीवरचा खडूचा हिशेब त्यानं सगळा चुकवला, पण जगलं.

तीच ही आपल्या दिंडीपुढं चालणारी घोडी. तिच्या डोळ्याखाली भोवरा आहे. आसूढाळ म्हणतात त्याला; बाजारात असल्या घोडीला गिऱ्हाईक हात लावत नाही, देवमण असलेल्याला मात्र दुप्पट मोजतात. एका व्यापाऱ्यानं तर तिला गोठ्यातून काढून टाका म्हणून सांगितलं होतं. आम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

एक गोष्ट राहिली. माघातलं शिंगरू आषाढात पाच महिन्यांचं होतं, म्हणजे तोडायला येतं. वारीला निघायच्या सुमाराला आम्हाला त्याला आईपासून वेगळं करावं लागतं. दोन-तीन रात्री दोन्ही बाजूंनी हंबरडा चालतो. पालखीच्या मुक्कामी तुम्ही भजनात असता तेव्हा आमचं अर्धं लक्ष घराकडं का असतं, विचारत होता ना? ते हे.

आमची एक घोडी या घटकेला 331 व्या दिवसावर आहे. काल संध्याकाळी मेण दिसलं. घरी धाकटा कंदील घेऊन बसलाय, आई त्याच्या सोबतीला. तेव्हा राग मानू नका, महाप्रसादाला आम्ही थांबत नाही. चीक हवा असेल, कुणाची घोडी गाभण असेल, तर विणेकऱ्यांकडं आमचा नंबर आहे. रात्री कितीलाही फोन करा. रामकृष्ण हरी.