समेवरची दाद

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. अशा मैफलीत विलंबित ख्याल रंगतो, गायक समेकडे येतो आणि नेमका तेव्हाच पुढच्या रांगेत मोबाइल उजळतो. मागच्यांची नजर गायकावरून त्या उजेडावर जाते. आठवण म्हणून थोडं टिपलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. पण अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांच्या २०१४ च्या अभ्यासात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले, लोकांना त्याच कमी आठवल्या. शिवाय दाद हा आपल्या मैफलीचाच भाग. हात फोनमध्ये अडकले तर ती द्यायची कशी? शिकणाऱ्यांना ध्वनिमुद्रण हवं असतं, हे खरं. त्यांनी कलाकाराची परवानगी घ्यावी. बाकी श्रोतेहो, तंबोरे जुळू लागले की फोन बंद करून खिशात ठेवा.