देणगीतून आलेली मालकी



लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८६४ साली जॉन लुईस यांनी कापडाचे दुकान थाटले. त्याचेच पुढे विविधवस्तू भांडार झाले. थोरला मुलगा स्पीडन धंद्यात आला, आणि हिशेब पाहताना त्याला आढळले की, बाप व दोन मुलगे मिळून जे उचलतात, तेवढे सर्व नोकरांचे एकत्रित वेतनही भरत नाही. असे हिशेब पुष्कळ मालकांच्या नजरेखालून जातात. अस्वस्थ होणारा विरळा.

१९२० साली आपल्या ताब्यातील पीटर जोन्स दुकानात त्याने नफ्याची वाटणी सुरू केली. त्याच वर्षी बापाच्या दुकानातील सुमारे ४०० नोकरांनी संप पुकारला. म्हाताऱ्याने त्यांना पुन्हा दारात उभे केले नाही!

१९२९ च्या विश्वस्तपत्राने नफा नोकरांच्या वाट्यास आला, ते ‘भागीदार’ म्हणवू लागले. अंतिम नियंत्रण मात्र स्पीडनने १९५० पर्यंत स्वतःकडेच राखले. १९३७ साली वेटरोज ही किराणा दुकाने आणि १९४० साली सेल्फ्रिजची प्रांतिक दुकाने विकत घेऊन साखळी विस्तारली. भागीदाराला आपला हिस्सा विकता येत नाही. सट्टेबाजांपासून ही साखळी वाचली ती या तरतुदीमुळे.

तथापि भागीदार कोणी व्हावे, हे ठरले वरूनच. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्याच दुकानातील सफाई कामगार ठेकेदाराकडचे होते. बोनस जाहीर होई तेव्हा त्यांच्या हाती काही पडत नसे. २०१२ साली निर्वाहापुरत्या वेतनासाठी त्यांनी संप केला.