रेतीने सांगितला पत्ता

वरळीच्या बीडीडी चाळीतून बोलतेय. मागे बांधकामाचा आवाज आला तर चालवून घ्या.

आपल्या वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये बेडकांचे जीवाश्म सापडले, १८४७ मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णनही छापून आलं. बेडूक म्हणजे गोडं पाणी. म्हणजे एकेकाळी इथे तळं नाहीतर दलदल असणार. दगडातला जीव असा जागेबद्दल बोलतो. आजच्या गोष्टीत हीच युक्ती आहे, फक्त युद्धातली.

नोव्हेंबर १९४४. जपानने अमेरिकेच्या दिशेने बॉम्ब लावलेले फुगे सोडायला सुरुवात केली. हायड्रोजन भरलेले, आणि चक्क कागदाचे! कागद चिकटवायला शाळकरी मुलींना जुंपलं होतं. असे नऊ हजारांवर फुगे सुटले. उंचावरचा जोरदार वारा त्यांना पॅसिफिकपार न्यायचा. फुगा खाली येऊ लागला की रेतीची पिशवी आपोआप सुटायची, आणि फुगा परत वर.

हे येतात कुठून? काहींना संशय होता, पाणबुडीतून येऊन आपल्याच किनाऱ्यावरून सोडत असतील. शेवटी पिशव्यांमधली रेती भूवैज्ञानिकांच्या लष्करी पथकाकडे गेली. मूठभर रेती! सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी तिच्यातली खनिजं, शंखशिंपल्यांचा चुरा, डायाटम म्हणजे सूक्ष्म शैवालांची कवचं, सगळं वेचलं. ज्युलिया गार्डनर ही शंखशिंपल्यांची जाणकार त्यात होती. रेती अमेरिकेची नव्हतीच. प्रवाळाचा कणही नाही, म्हणजे जपानचा दक्षिण किनारा बाद. मग युद्धाआधी जपानी संशोधकांनीच छापलेले अहवाल काढून ताडून पाहिले. (मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.) असं करत होन्शूच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोजक्या जागा उरल्या. त्यातली इचिनोमिया खरोखरच फुगे सोडायची जागा निघाली.

पण सरकारने वर्तमानपत्रांना गप्प राहायला सांगितलं होतं. जपानला कळू नये, की फुगे पोचतायत. त्यामुळे लोकांनाही काही माहीत नव्हतं. ५ मे १९४५ ला ओरेगनमधल्या ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेल्या मुलांना जंगलात एक फुगा पडलेला दिसला. स्फोट झाला. पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची एक गरोदर बाई गेली. जपानने फुगे सोडणं एप्रिलमध्येच थांबवलं होतं. बातमीवरची बंदी उठली, ती या सहा जणांनंतर.