घरचे शिवण आणि कापडाची पारख



शिवणाविषयी बोलायचे तर माझ्या एका फजितीपासूनच सुरुवात करते. तेव्हा मी नुकतीच शिवण शिकले होते आणि हौस दांडगी होती. थोरल्या मुलीचा शाळेचा स्कर्ट शिंप्याकडे टाकायचा नाही, घरीच शिवायचा असं ठरवलं. आठवड्याच्या बाजारातून निळं सुती कापड आणलं, त्याच संध्याकाळी बेतलं आणि दोन रात्री जागून स्कर्ट पुरा केला. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला पोर मिरवली. मग स्कर्ट पहिल्यांदा धुतला, आणि कमरेचा हुक काही केल्या लागेना! उसवून वाढवावा तर आत बोटभरही कापड नाही. पोर रडतरडत जुना विटका स्कर्ट घालून शाळेला गेली. घरखर्चातून वाचवलेले पैसे गेले ते निराळेच.

चूक कुठे झाली? मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, पुढे धुलाई-रंगाईतही कापड लांबीकडून ओढले जाते. पाणी लागले की हा ताण सुटतो आणि कापड आटते, मुख्यतः उभ्या धाग्यात. कमरपट्टा आपण कापतो तो नेमका उभ्या धाग्यात! शंभराला पाच इतके कापड आटले, तरी ६० सेंटिमीटरचा पट्टा तीन सेंटिमीटरने आखूड होतो. म्हणून सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, पिळू नका, सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. अस्तरालाही हाच नियम. वरचे कापड पॉलिएस्टरचे असले तर ते आटत नाही, पण आतले सुती अस्तर आटते आणि मग सगळा कपडाच चुण्या पडून बसतो.

आता खरेदी. दुकानदार कापड मीटरने देतो आणि पन्हा मात्र बहुधा इंचात सांगतो, तेव्हा भाव ऐकण्याआधी पन्हा विचारावा. मध्यम अंगाच्या बाईच्या आखूड बाहीच्या ब्लाउजला ३६ इंची पन्ह्याचे मीटरभर कापड लागते, तर ४४ इंचीचे ८० सेंटिमीटर पुरते. मीटरला चार पैसे जास्त देऊनही रुंद कापड पुष्कळदा स्वस्त पडते ते असे.

कटपीसच्या ढिगाऱ्यात माझा जीव फार रमतो, हे कबूल करते! पण तुकडा घडीवर घेऊ नये. पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावा. भोक, तुटका धागा, घडीवर उडालेला रंग, सगळे तिथे दिसते. दोष कडेला असेल तर तो बेतताना टाळता येतो. मधोमध असेल तर तुकडा खाली ठेवावा. हातावर चोळून पाहावे, पांढरी भुकटी पडली तर अंगातला भरीवपणा खळीचा आहे असे समजावे. ओला रुमाल घासला की रंगाचा पक्केपणा कळतो. ‘शुद्ध सुती’ म्हणून दिले असेल तर घरी आल्यावर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

हत्यारे थोडीच लागतात, पण धडकी हवीत. मीरतची कात्री नावाजलेली आहे. मात्र कोणतीही चांगली कात्री कागद कापून बोथट होते, आणि घरात मुले असली की हे होतेच. म्हणून कागदाला दुसरी ठेवावी. मशीनची सुई साध्या सुती कापडाला १४ नंबरची, तलम कापडाला ११ आणि जाडाला १६. टाके सुटू लागले की आपण मशीनला नावे ठेवतो, खरा दोष पुष्कळदा वाकलेल्या सुईचा असतो. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानले होते. त्या गुणी यंत्राला अधूनमधून दोन थेंब तेल द्यायला काय हरकत आहे?

शाळेत मशीन एक आणि मुली तीस, ही अडचण मी जाणते. पण धावदोरा, हेम आणि काज यांना मशीन लागत नाही. जुन्या धोतराचे तुकडे घ्यावेत, आणि बेतणे आधी वर्तमानपत्रावर शिकवावे. कागद चुकला तर दुसरा घेता येतो. परकराच्या कळ्या उलटसुलट मांडल्या की किती कापड वाचते, हेही कागदावर मुलींना चटकन उमगते. छापाला खाली-वर दिशा असेल तर मात्र असे करू नये, नाहीतर निम्मी फुले डोक्यावर उभी राहतात.

शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलांच्या कपड्याला बाजूच्या शिवणीत दोन-अडीच सेंटिमीटर माया आणि खाली पाच-सहा सेंटिमीटरची दुमड ठेवावी. कमरपट्ट्याचे टोकही हुकापुढे चार बोटे जास्त सोडावे. तेवढे मी सोडले असते, तर हुक पुढे सरकवून भागले असते. तो निळा स्कर्ट मी पेटीत घडी घालून ठेवला. पुढे तो धाकटीला आला, आणि तिने दोन वर्षे वापरला.