दाढ दाखवताना सगळे तोंड दाखवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मुंबईत परळला १९४१ सालापासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तेथील रुग्ण व नातलग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. त्यांत आपल्या खेड्यांतली माणसे पुष्कळ असतात. तोंडाचा कर्करोग झालेले अनेकजण तेथे उशिरा पोचतात, कारण सुरुवातीला हा रोग दुखत नाही.

कपाशीत अळी दिसताच आपण उपाय करतो. बोंडे पोखरेपर्यंत थांबत नाही. तोंडाचेही तसेच आहे. दाढ काढायला किंवा कवळी बसवायला दंतवैद्याकडे जाल, तेव्हा सगळे तोंड तपासायला सांगा. ओठ, गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जीभ व जिभेखालची जागा पाहून चाचपायला ५ मिनिटे पुरतात.

पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काही आढळल्यास पुढची तपासणी लांबवू नका. केरळात तंबाखू व दारू घेणाऱ्यांची ठरावीक काळाने अशी तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण चंची आणि मिश्रीची डबी घरात आहेच. ती सोडावी हे उत्तम. मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही तपासून घ्यावे. परळची गाडी धरण्याची वेळ येण्याआधी तालुक्याच्या दंतवैद्यापुढे तोंड उघडा, एवढीच विनंती.